पिवळी की लाल

"हात बघू."

जेवायची वेळ झाली की मामा रांजणापाशी उभे राहायचे आणि प्रत्येकाच्या धुतलेल्या तळव्यावर चिमूटभर हळद चोळायचे. पिवळी राहिली तर भाकरीचे फडके सोडायचे. लाल झाली तर पुन्हा हात धुवायचे, मग पोटात कितीही कावळे ओरडोत.

असा एखादा कटकट्या तुमच्याही पाहण्यात असेल. आमचा हा वरवे बुद्रुकचा, पन्नाशीचा शेतकरी. कापूरहोळच्या फाट्यावर साबणाची एक शेड होती, तिथे मामा कढई सांभाळत आणि मी कारकुनी करी. लढाईचे दिवस होते. साबणाला मागणी फार आणि माणसे कमी. कॉस्टिक सोड्याने सगळ्यांचीच बोटे सोललेली असत. हाताला राहिलेला सोडा भाकरीबरोबर पोटात जाई, नाहीतर डोळ्याला लागे.

हळदीची युक्ती त्यांना खंडेनवमीला सापडली. पूजेत कढईला, झाऱ्यांना हळदीची बोटे ओढली, तर एका झाऱ्याच्या दांड्यावर हळद कुंकवासारखी लाल झाली. देवीने कौल दिला म्हणून लोकांनी नारळ फोडला. मामांनी दांडा धुतला, पुन्हा हळद लावली, पुन्हा निरखून पाहिले.

"देवी न्हाई, सोडा हाय," ते म्हणाले. "धुतला तरी चिकटून बसलाय."

खोबरे मात्र त्यांनीही खाल्ले. हात धुऊन.

तेव्हापासून रोजची हळद. "मामा, हळद लावली, आता नवरी कुठंय?" असे लोक चिडवत. मामा हसत आणि पुढचा हात ओढत.

कढईवर वाकणाऱ्यांना काचेचे चष्मे हवेत, हा त्यांचा दुसरा हट्ट. "भाऊसाहेब, पुण्याहून मागवायच्या यादीत चष्म्याचं तेवढं लिवा." मी दोनदा लिहिले. दोन्ही वेळा मालकांनी मला झापले. तिसऱ्या यादीत मीच ते गाळले. मी लबाड नव्हतो, थकलो होतो. पण या दोन्हींतला फरक मला आजही नीट सांगता येत नाही. मामांना म्हटले, "लिहिलंय."

त्याच महिन्यात कढई उसळली. लोकांनी मामांच्या डोळ्यांवर घागरीमागून घागर ओतली, पण दोन्ही डोळे गेले.

मालकांनी त्यांना काढले नाही. मामा शेजाऱ्याच्या बैलगाडीतून येत, रांजणापाशी बसत आणि तशीच हळद चोळत. आता एवढेच विचारावे लागे, "रंग काय?"

पहिले काही दिवस लोक खरे सांगत. मग दमलेली माणसे न बघताच "पिवळा, मामा" म्हणून पुढे सरकू लागली. दिवसभर राबलेल्या माणसाला भाकरीपुढे कुठले भान राहणार?

एके दिवशी मीही वड्या मोजून आलो, घाईत पाण्याखाली हात धरला आणि त्यांच्यापुढे केला. हळद लाल झालेली मला स्पष्ट दिसली. मला भूक लागली होती.

"पिवळा," मी म्हणालो.

मामांनी माझा हात सोडला नाही. बोटे चोळून पाहिली. सोडा राहिला की कातडी बुळबुळीत होते.

"पिवळा म्हणता, आन बोटं तर निसटत्यात." त्यांनी चाचपडत तांब्या घेतला आणि स्वतः माझा हात धुतला, तीन वेळा. मग फक्त मला ऐकू येईल असे म्हणाले, "चष्म्याचं बी असंच लिवलं व्हतं का, भाऊसाहेब?"

मी हात काढून घेतला. त्यांनी ओली बोटे धोतराला पुसली आणि पुढच्याचा हात मागितला.

दुसऱ्या दिवशी बैलगाडी आली, पण तीत मामा नव्हते. पुन्हा ते कधीच आले नाहीत. वरव्याला जाऊन भेटण्याचे धैर्य मला झाले नाही. ते गेल्याचेही मला गाडीवानाकडूनच कळले.

हळदीचा डबा रांजणापाशीच राहिला होता. मी जेवणाआधी चिमूटभर घेऊन तळव्यावर चोळी. आता विचारणारे कोणी नव्हते. तरी रंग येईल तो मी मोठ्याने सांगत असे.