कोरड्या बुटांचा साहेब

आता कुठल्या तोंडाने सांगू तुमाला, वैशाखरे गावाच्या बाजूला आमच्या नदीवर पूल नाय झाला तो कुणामुळे? सरकारला शिव्या देऊ नका. माझ्यामुळे! चहा घ्या, सांगतो.

मुरबाडहून मोटार नुकती सुरू झाली होती. पण पावसाळ्यात मोटार त्या काठाला आणि आमी ह्या काठाला, नुसतं बघत बसायचं. त्यात आमची सून गरवार, आणि डॉक्टर मुरबाडला! माझी झोप उडाली होती. विनवण्या करून थकलो, तेव्हा कुठे ऐन श्रावणात सरकारातून एक साहेब नदी बघायला आला. पूल यंदा एकच व्हायचा होता, आमच्याकडे नायतर वरच्या गावाला.

गावचा पाटील मी. दारी पाहुणा आला की त्याच्या पायांवर ऊन पाणी घालायची आमची रीत, आणि पूल देणाऱ्या पाहुण्याला गढूळ पाण्यातून चालवायचं? घरातली खुर्ची काढली, तिला दोन बांबू बांधले, चौघे खांदेकरी उभे केले.

माझा भाऊ गणू म्हणाला, "दादा, चालू दे की त्याला पाण्यातून. तेच बघायला आलाय ना तो?"

"गप रे. साहेब भिजला तर चिडेल, आणि चिडला तर पूल गेला."

साहेब खुर्चीत बसला. पाणी कमरेला, खाली शेवाळलेले धोंडे, आणि ओढ अशी की उचललेला पाय टेकवू देत नाय. पुढचा खांदा माझा. मधोमध पोचलो आणि माझा पाय सटकला! खुर्ची कलली. साहेबाने बांबू गच्च धरला. म्हटलं गेला पूल वाहून. म्हसोबाला कोंबडा बोललो, अंगठा खडकाच्या फटीत रोवला आणि कसाबसा सावरलो. काठावर उतरवला तेव्हा साहेबाच्या बुटाला थेंब नव्हता. मी अर्धमेला, पण छाती काय फुगली होती सांगू!

भाकरी आणि कोंबडीचा रस्सा खाऊन साहेब तृप्त झाला. आमी त्याला तसाच अलगद परत नेला. मोटारीत बसताना म्हणाला, "पाटील, तुमची सोय उत्तम आहे. वरच्या गावाला मी काल छातीपर्यंत भिजलो. पूल आधी तिथेच हवा."

मी काठावर उभाच राहिलो. गणू रिकामी खुर्ची उचलून पाण्यात उतरलासुद्धा. वर म्हसोबाचा कोंबडा द्यावा लागला तो वेगळाच.

भादव्यात सुनेला कळा सुरू झाल्या. नदी फुगलेली. तीच खुर्ची, तेच बांबू, पुढचा खांदा माझाच. मधोमध त्याच मेल्या धोंड्यावर माझा पाय पुन्हा सटकला. पण अंगठ्याला ती फट सापडली. पुढे मोटार मिळाली, नातूही सुखरूप झाला. पण त्या धारेत, कळा सोसता सोसता, सून वरून जे बोलली ते गाव मला अजून ऐकवतं.

"मामंजी, साहेब बसला होता तेव्हा तुमी सावरलं नसतं तर?"