रोममधला कापूस

माझी रोमची गोष्ट तिसऱ्यांदा परत आली, तेव्हा पाकीट फोडायचाही मला कंटाळा आला होता. नागपूरच्या त्या मासिकाच्या संपादकांनी पहिल्या खेपेला रोमन स्वयंपाकघरातली मिरची काढायला लावली, दुसऱ्या खेपेला मका. आता लिहिलं होतं, ‘त्या काळी रोमच्या बायका लोकर कातीत. कापसाचं पान बदलून पंधरा दिवसांत पाठवा, छापू.’

कॉन्व्हेंटमध्ये आम्ही रोमच्या लढाया पाठ केल्या होत्या. घरातल्या बायका दिवसभर काय करत, ते कुणी शिकवलं नव्हतं. तिथे मी आमचं बुलढाण्याचं घर घातलं. सैनिकाची विधवा पायरीवर बसून, मान वाकडी करून दगडावर लोखंडी सळई फिरवत कापसातली सरकी काढते, एवढं एकच पान मी न खोडता लिहिलं होतं. ती माझी आई होती. आई जाऊन चार वर्षं झाली होती, आणि ती बाई म्हणजे आई, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

आत्या वाती वळत होती. गोष्ट लिहिली त्याच दिवशी तिने ती ऐकली होती. तिला मी पत्र वाचून दाखवलं.

“कापूस नाही? मंग नेसत काय व्हते ते लोक?”

“लोकर.”

“अन् तुही बाई लोकर गुंडाळून उन्हात बसते? डोकं फिरलं का तिचं?”

“गोष्ट थंडीतली आहे, आत्या.”

“मंग थंडीत पायरीवर काऊन बसते वं? आत जाय म्हणा तिले.”

तिचं बरोबर होतं. पायरीही गेली.

धाडच्या बाजारात एका धनगर बाईकडून मी मूठभर लोकर आणली. बोटं तेलकट झाली, वास दोन दिवस गेला नाही. तेवढंच लिहिलं. मजकूर अचूक झाला आणि बाई अनोळखी झाली. गोष्ट तशीच पाठवून दिली.

गोष्ट छापून आली. आत्याने वाती वळता वळता शेवटपर्यंत ऐकली.

“ते सरकीचं कुठी गेलं?”

“काढलं.”

तिचा हात थांबला. “सळई फिरवताना तुह्या मायची मान अश्शीच वाकडी व्हायची. मले पयल्याच दिवशी समजलं व्हतं.” मग म्हणाली, “ते पान असलं तर आण. वाच.”

पान पेटीत होतं, पेटी हाताच्या अंतरावर.

“उद्या वाचते,” मी म्हणाले.