जावेसाठी शतावरी

धाकटी लेक झाल्यापासून उज्वलाचं मन नवऱ्याजवळ जाईनासं झालं होतं. दीपक चकार शब्द बोलायचा नाही, पण तिलाच अपराधी वाटायचं. शेवटी घोटीच्या बाजारात जडीबुटी विकणाऱ्या ठमाबाईला तिनं हळूच विचारलं, “इच्छा होण्यासाठी काही आहे का? जावेला हवंय.”

ठमाबाईनं शतावरीची पूड बांधून दिली. “दुधातून घे म्हणावं, अंगात ताकद येईल. पण मन पुडीनं येत नाय, बाई. लय दमत आसंल ती. तिला हाताखाली कोण हाय?”

उज्वलाचे डोळे भरून आले. घरी जाऊन तिनं दीपकला सगळं सांगून टाकलं.

“मला वाटलं, मीच तुला नकोसा झालो,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मळ्यातली शेवंतीची फुलं तोडायला तो एकटाच गेला. तिला त्यानं निवांत झोपू दिलं. पुढं असंच चालू राहिलं आणि एका दुपारी उज्वलानं आपणहून त्याला जवळ ओढलं.