शॉट क्लॉक आणि आबांचा फेटा

शॉट क्लॉकवर चोवीसचा आकडा जागचा हलत नव्हता आणि बॉल मात्र उमापूरच्या पोरींच्या हातात फिरत होता. माझं टाळकंच सरकलं.

माजलगावात मुलींच्या बास्केटबॉलची फायनल. मी रेफरी. उमापूर एका पॉइंटने पुढे, शेवटचं मिनिट. शिरूर कासारला बॉल मिळाला तरच आशा. नियम साधा आहे. बॉल ताब्यात आला की चोवीस सेकंदांत रिंगला लागेल असा मारायचा, नाहीतर तो समोरच्या टीमला जातो. हे चोवीस मोजतं ते शॉट क्लॉक. तेच बंद, म्हणजे उमापूरने मॅच संपेपर्यंत बॉल खेळवत ठेवला तरी बझर वाजणार नाही.

टेबलाकडे बघितलं, तर बटणावर बसवलेले सानप सर खुर्चीत नव्हतेच! प्रमुख पाहुणे, उमापूरचे आबा, तेवढ्यात आले होते आणि सर त्यांना फेटा बांधत होते. तालुक्यात फेटा बांधावा तर सरांनीच, हे कबूल. पण आत्ता?

मी शिट्टी मारली. आबांना वाटलं, ती त्यांच्या स्वागताची. अर्धवट फेट्यानिशी त्यांनी चारी बाजूंना हात जोडले. लोकांनी टाळ्याही वाजवल्या!

शिरूरची कॅप्टन रूपाली रडकुंडीला आली होती. "सर, आमी एवढं पळालो, अन् घड्याळच बंद?"

"थांब गं. मोठं घड्याळ चालू होतं."

मॅचची वेळ दाखवणारं घड्याळ वेगळं असतं. ते शेख मॅडमकडे होतं आणि त्या पाहुण्यांसाठी उठल्या नव्हत्या, देव त्यांचं भलं करो. उमापूरकडे बॉल गेला तेव्हा सवयीने मी तिकडे बघितलं होतं. अडतीस सेकंद होते. शिट्टीला थांबलं तेव्हा वीस. म्हणजे चोवीसातले अठरा गेले, सहा राहिले.

"सर, सहा लावा," मी सानप सरांना म्हणालो.

फेट्याचं टोक सावरत आबा कोर्टाच्या कडेला आले. "ओ पंच, आमच्या पोरींचा खेळ कावून अडवला?"

"आबा, तुमच्या फेट्यापायी घड्याळ बंद राहिलं."

बोलून तर गेलो. आयोजक डोळे वटारून बघत होते. आबा मात्र खो खो हसले. "मग लावा की बरोबर! न्हाईतर लोक म्हणतील, आबानं फेटा बांधून मॅच जिंकली."

त्या सहा सेकंदांत उमापूरच्या पोरींची नुसती तारांबळ. शॉट जमेना, बझर वाजला, बॉल शिरूरला. रूपाली दोघींच्या मधून घुसली आणि वेळ संपता संपता बास्केट! मीही ओरडलो असतो, पण तोंडात शिट्टी होती.

आबा जरा हिरमुसले, खोटं कशाला सांगू. पण त्यांनी तो अर्धवट फेटा काढून रूपालीच्या डोक्यावर ठेवला. "सानप सर, आता ह्यो पुरा बांधा."

तेव्हापासून मॅचआधी मी टेबलावर बजावतो, पाहुणे कुणीही येवोत, बटणावरचा माणूस उठणार नाही. आणि फेटा बांधता येणारा माणूस तर बटणावर बसवायचाच नाही.