मेंढरांचा शिक्का कार्डावर

मंडळी, आज आमच्या आबांचा वाढदिवस, आधार कार्डावरचा का होईना. म्हटलं, वडिलांना हातानं केलेलं शुभेच्छापत्र देऊ.

एरवी मी बटाट्याचे ठसे मारते. आज मेंढरांवर खूण करायचा आमचा चंद्रकोरीचा लाकडी शिक्का काढला. लोकरीवर मारायचो तसाच गेरू तेलात कालवला अन् कार्डावर उमटवला.

चुकलंच राव! लोकरीवर टिकणारं तेल कागदात पसरलं, चंद्रकोरींचे नुसते डाग झाले. तरी दिलं.

आबांनी डागांवरून बोट फिरवलं. "आपला शिक्का हाय न्हवं ह्यो?"

"व्हय, आबा."

गेल्या महिन्यात राजुरीच्या माणसाला सगळी मेंढरं विकली आम्ही.

"त्यांच्यावर आता दुसऱ्याचा आसंल," म्हणाले, अन् कार्ड माझ्या हातात परत दिलं.

शिक्का धुऊन ठेवलाय. आता तो कशावर मारू, तुम्हीच सांगा.