दादाचा कच्चा राब

दादा गेल्याची बातमी मला त्याच्या मुलाआधी त्याच्या सोसायटीच्या बागेनं दिली. म्हणजे बागेच्या व्हॉट्सॲप ग्रुपनं. दादानं हौसेनं मलाही त्या ग्रुपात घातलं होतं. मी पोशीरला घरी तांदूळ निवडत बसले होते आणि फोनवर एकामागून एक जोडलेल्या हातांची चित्रं येऊ लागली. 'जनार्दनकाका, सच्चे भूमिपुत्र' असं कुणी लिहिलं होतं आणि त्याच्या खालीच तक्रार, की पाण्याचा पाइप कालपासून कुणी गुंडाळून ठेवलेला नाही. निलेशचा, माझ्या भाच्याचा, फोन आला तोवर मी रडायचं सोडून त्या पाइपवर चिडून बसले होते.

भूमिपुत्र म्हणे! आमच्या बाबांची निम्मी हयात याला चिखलात उतरवण्यात गेली. लावणीच्या दिवसांत सगळं घर वाकलेलं असायचं आणि हा इस्त्रीची पँट घालून बांधावर उभा राहून ओळ वाकडी गेली म्हणून सांगायचा. रसायनीच्या कारखान्यात नोकरी लागली तेव्हा त्यानं विळा जो खाली ठेवला तो ठेवलाच. निवृत्त झाल्यावर वाटणीची जमीन प्लॉटवाल्यांना विकून मुंबईला मुलाकडे गेला. त्या जमिनीवर आता कुलूपबंद बंगले आहेत आणि भाताच्या खाचरात पोहायचे तलाव. माझं सासर गावातलंच, मी माझा वाटा ठेवला, म्हणून मी वेडी ठरले. "सुमे, चिखलात काय ठेवलंय गं?" हे तो भाऊबीजेला दरवर्षी न चुकता विचारायचा.

आणि हाच माणूस उंच इमारतीत राहायला गेल्यावर शेतकरी झाला. त्यांच्या सोसायटीत गाड्या लावायच्या जागेच्या छपरावर सामुदायिक बाग आहे. लाकडी खोकी, खोक्यांत आमच्याच कर्जतकडून पोत्यांतून नेलेली माती, प्रत्येक खोक्यावर मालकाच्या नावाची पाटी. पिकतं काय, तर इंग्रजी नावाचा पाला आणि बोराएवढे टोमॅटो. ते तोडायचा सोहळा रविवारी, फोटोवाला बोलावून. मी एकदा गेले होते. हिरवे एप्रन घातलेली माणसं एका वांग्याभोवती बारशाला जमल्यासारखी उभी होती. मधोमध दादा, "आम्ही शेतकरी माणसं" असं म्हणत म्हणत व्याख्यान देत होता. मी तोंडाला पदर लावला. ते लोक भोळे आणि हा लबाड, जोडी छान जमली होती.

पण सोंग घेता घेता त्याला मातीची खरीच ओढ लागली, हे मला उशिरा कळलं. गेल्या उन्हाळ्यात त्यानं ठरवलं, की आपल्या खोक्यात भात लावायचं, आणि भात म्हणजे आधी राब भाजायला हवा. आमच्याकडे पेरणीआधी रोपांच्या तुकड्यावर शेण, पाचोळा, पेंढा असे थर देतात, वर बारीक माती टाकतात आणि वाऱ्याच्या विरुद्ध आग सरकेल अशा बेतानं पेटवतात. सावकाश धुमसून तणाचं बी जळतं. दादानं हे आयुष्यभर ओट्यावरून पाहिलेलं. त्यानं गोवऱ्या घरपोच मागवल्या, थर दिले आणि नेमक्या वाऱ्याच्या बाजूनं काडी लावली. आग पाचोळ्यातून धावली, लाकडी खोकं पेटलं, शेजारचं प्लॅस्टिकचं गवत वितळलं, बंब आला. बिचाऱ्या शहरवाल्यांचं यात काही चुकलं नाही, हे कबूल करते... पण मग समितीनं त्याचं खोकं काढून घेतलं आणि दुसऱ्याला दिलं. तरी हा रोज सकाळी तिथं जाऊन परक्याच्या पाल्यासमोर खुर्ची टाकून बसायचा, असं निलेश सांगत होता.

होळी झाल्यावर तो अचानक पोशीरला आला. चहा घेतला, कप खाली ठेवला आणि मान वर न करता म्हणाला, "सुमे, तुझ्या रानात मला एक कोपरा दे. मला राब भाजायचाय."

"तुला येतंय का?"

"बाबांचा बघलाय ना मी."

"बघलायस रं. केलायस कवा?"

मी कोपरा दिला. सत्तरी ओलांडलेला माणूस, पायजमा दुमडून चार दिवस पाट्या वाहत होता. शेण एकीकडे ढीगभर, दुसरीकडे नुसती भुरभुर, पेंढ्याचे थर वाकडे. मी काठीनं दाखवायला गेले तर म्हणाला, "हात नको लावूस. माझा हाय तो." पेटवायला वैशाखात येतो, असं सांगून गेला. चैत्रातच गेला.

शोकसभेला अध्यक्षबाई म्हणाल्या, की काकांनी आम्हाला मातीशी जोडलं. काढून घेतलेल्या त्याच खोक्यावर त्याच्या नावाची नवी पाटी लावली होती. मला दोन शब्द बोलायला सांगितले. माझ्याकडे पुष्कळ होते आणि त्यातला एकही तिथं शोभला नसता, म्हणून मी पाणी मागितलं आणि बसले.

परवा मी राब भाजला. आधी माझा. मग त्याच्या कोपऱ्याशी गेले. थर मोडून नीट लावणं तासाभराचं काम होतं. हात पुढे केला आणि मागे घेतला. काडी तेवढी मी बरोबर बाजूनं लावली. जाड होतं तिथं दिवसभर धुमसत राहिलं आणि विरळ होतं तिथं आग न शिरताच विझली. संध्याकाळी पाहिलं तर अर्धा कोपरा कच्चाच. आता तिथं भातापेक्षा तण जास्त माजणार, बघणारे हसणार. भर पावसात तिथं ओणवं होऊन एकेक काडी मलाच उपटावी लागणार आहे. उपटीन. दादाला शिव्या घालत घालत उपटीन.