चाकोरी

मुक्ताच्या पडद्यावरचं अरण्य पाहून मला हसूच फुटलं. झाडांना नखं, ढोल्यांत डोळे, फांद्यांना लटकलेल्या कवट्या! ती व्हिडिओ गेमची चित्रकार, आणि मी तिला जुन्या काव्यांतली अरण्यं समजावून सांगायला बोलावलेला हौशी पाहुणा.

"हसू नका हो काका. मालक म्हणालेत, संध्याकाळपर्यंत चाकोरीबाहेरचं अरण्य दाखव, नाहीतर काम सोड."

"अगं, मग चाकोरीच काढ!" मी हात पसरून नाटकी आवाजात म्हणालो. "जुन्या काव्यांतल्या अरण्याने कुणाचं काय वाकडं केलंय? तिथे हरणं चरतात, मोर नाचतात. क्रूर असतो तो रथ. राणीला 'जरा पाय मोकळे करा' म्हणत उतरवतो आणि वळतो."

तिने नखं पुसली, कवट्या पुसल्या. उरली शांत, हिरवीगार झाडी आणि ओल्या मातीत रथाची चाकोरी, वळसा घेऊन परत गेलेली. वळणापाशी अनवाणी पावलं, फक्त उतरलेली. मी टाळ्या पिटल्या. इतकं देखणं, इतकं दुष्ट रान मी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी मालक आले आणि चित्रापुढे उभे राहिले.

"काटा आला अंगावर. आता पुढचं आमची मोठी मंडळी बघतील. मुक्ता, दमलीस तू. विश्रांती घे, उद्यापासून येऊ नकोस." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चला, तुम्हाला घरी सोडतो."

गाडीतून मी मागे पाहिलं. फाटकाशी मुक्ता उभी होती. तिच्या पायांपुढच्या चिखलात आमच्या चाकांनी छान, गोल वळण घेतलं होतं.